पिळल्यावर ढकलतं की ओढतं? दोरा घातलेली सिलिकॉनची कांडी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

धुतलेली चादर दोघांनी दोन टोकं धरून पिळायला घेतली, की थोड्या वेळाने दोघं एकमेकांच्या जवळ आलेले असतात. मुद्दाम कुणी सरकत नाही. चादरच आखडते आणि ओढून घेते. दोऱ्यात बटण ओवून केलेली भिंगरी याच जोरावर फिरते. आता अंगठ्याएवढी जाड, साध्या रबराची भरीव कांडी घ्या आणि तिला पीळ द्या. ती आखडत नाही, उलट लांबायला बघते. टोकं घट्ट धरून ठेवलीत तर हातांना बाहेर ढकलते.

फरक आतल्या धाग्यांचा आहे. ते कोणत्या कोनात बसलेत, किती ताठ आहेत आणि पीळ कोणत्या हाताचा, म्हणजे उजवा की डावा, आहे, यावर वस्तू ढकलणार की ओढणार ते ठरतं. हृदयाची भिंत, मणक्यांमधली चकती, धमनी, कंडरा हे सगळं म्हणजे मऊ गाभ्यात बसवलेले धागेच. मी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवते. आमच्या टॉर्शन मशीनवर पोलादाची सळई तुटेपर्यंत पिळता येते, पण ती ढकलते की ओढते हे त्या मशीनला कळतच नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी ही मांडणी बसवली. खर्च बेताचा आहे. वेळ मात्र दोन शनिवार-रविवार धरा.

आधी थोडं गणित, कारण पुढे तेच उपयोगी पडतं

तार पिळायला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो, हे कूलॉमने १७८४ सालीच मोजून दाखवलं होतं. पिळलेली तार लांबते, हे जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी १९०९ मध्ये पोलादी तारांवर दाखवलं. म्हणून या प्रकाराला पॉइंटिंग परिणाम म्हणतात. रबरासारख्या, भरपूर विकृत होणाऱ्या पण घनफळ न बदलणाऱ्या पदार्थासाठी त्याचं नेमकं गणित रिव्हलिन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं.

आपल्याला त्यातलं एवढंच लागतं. पिळाचा कोन रेडियनमध्ये घ्या आणि कांडीच्या मीटरमधल्या लांबीने भागा. याला मी पीळदर म्हणते. टॉर्क पीळदराच्या सरळ प्रमाणात वाढतो. कांडी टोकांना ज्या बळाने ढकलते ते पीळदराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सगळ्यात साध्या रबरी मॉडेलमध्ये, म्हणजे निओ-हूकियनमध्ये, या दोघांचं नातं फार सुटसुटीत आहे:

ढकलणारं बळ = टॉर्क × पीळदर ÷ २

यात त्रिज्या नाही आणि रबराचा मऊपणाही नाही. म्हणजे तुमचं सिलिकॉन नेमकं किती मऊ आहे हे माहीत नसलं तरी मोजणी बरोबर आहे का ते तपासता येतं. रबराचं थोडं जास्त बारकाईचं मूनी-रिव्हलिन मॉडेल घेतलं तर या अर्ध्याच्या जागी अर्धा ते एक यांमधला आकडा येतो. तुमचा आकडा ०.५ ते १ च्या बाहेर गेला, तर रबराला दोष देण्याआधी स्वतःची मांडणी बघा.

अंदाज यावा म्हणून आकडे देते. कांडीची त्रिज्या १० मिमी, लांबी ५० मिमी, सिलिकॉनचा कडकपणा शोअर ए मापावर १०. अशा रबराचं शिअर मॉड्यूलस, म्हणजे थर एकमेकांवर सरकवायला रबर किती विरोध करतं त्याचं माप, साधारण ०.१४ मेगापास्कल येतं. पाव वळसा, म्हणजे ९० अंश पीळ दिला तर टॉर्क सुमारे ०.०६८ न्यूटन-मीटर आणि ढकलणारं बळ सुमारे १.०७ न्यूटन. वजनकाट्याच्या भाषेत १०९ ग्रॅम. १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या घरच्या काट्याला हे आरामात कळतं. कांडी मोकळी सोडून लांबी मोजायला गेलात तर वाढ भरते जेमतेम ०.४ मिमी. म्हणून लांबी बांधून ठेवायची आणि बळ मोजायचं.

धागे घातले की काय बदलतं

कांडीच्या आत, अक्षापासून ७.५ मिमीवर धागे आहेत असं धरा आणि फक्त ३० अंश पीळ द्या. धागा अक्षाशी ४५ अंशात मळसूत्रासारखा गुंडाळलेला असेल आणि पीळ त्याच हाताचा असेल, तर धागा ४ टक्के ताणला जातो. पीळ उलट्या हाताचा असेल तर तो जवळपास तेवढाच, ३.८ टक्के, आखूड व्हायला बघतो; पण दोराच तो, दाबाला उभा राहत नाही, आतल्या आत वाकतो. आणि धागा सरळ उभा, अक्षाला समांतर असेल तर त्याच ३० अंशांत जेमतेम ०.३ टक्के ताणला जातो, पीळ कोणत्याही हाताचा असो.

या तीन आकड्यांत बहुतेक गोष्ट आली. तिरका एकेरी धागा लगेच आणि एकाच बाजूला जोर दाखवतो. उभा धागा सुरुवातीला गप्प असतो, पण पीळदराच्या वर्गाने वाढतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच वागतो. रबराचं ढकलणंही वर्गानेच वाढतं, म्हणून उभ्या धाग्यांच्या कांडीत खरी रस्सीखेच होते. त्यात कोण जिंकणार याचा हिशोब सोपा आहे. वरच्या मापाच्या कांडीत आठ उभे धागे असतील, तर एक धागा १ टक्का ताणायला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर धागे जिंकतात, कमी लागत असेल तर रबर. घरी तपासायचं असेल तर एक मीटर दोरा टांगा, ५ ग्रॅम लावा. एक सेंटीमीटरपेक्षा कमी लांबला तर कांडी ओढणार. शिलाईचा साधा सुती दोरा या परीक्षेत सहज पुढे जातो.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. सूत हातात घेऊन दोन बोटांत फिरवून ते पीळ ओळखायचे. उलटा फिरवला की सूत उकलतं, सुलटा फिरवला की आवळतं आणि सैल सोडलं की स्वतःभोवतीच गाठी घालतं. गिरणीत याला एस पीळ आणि झेड पीळ म्हणतात, अक्षराच्या मधल्या तिरक्या रेषेवरून. आपणही हीच भाषा वापरू. मात्र दोऱ्याचा स्वतःचा पीळ आणि आपण कांडीवर ज्या हाताने तो गुंडाळतो तो पीळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत दोन्ही वेगळे लिहा.

सामान

साच्यांसाठीचं दोन भागांचं सिलिकॉन, कडकपणा १० च्या आसपास. प्रिन्सेस स्ट्रीटच्या केमिकलवाल्यांकडे विचारा, किंवा मेणबत्त्या आणि रेझिनचं सामान विकणाऱ्यांकडे. १० मिली आणि २० मिलीच्या सुईशिवायच्या सिरिंज, प्रत्येकी चार-पाच. या आपले साचे. तीन मिमी जाडीच्या ॲक्रिलिकच्या १४ मिमी व्यासाच्या चकत्या, कडेला आठ बारीक भोकं आणि मधोमध चार मिमीचं एक. नेमप्लेट आणि बोर्ड करणारे कापून देतात. चार मिमीचे बोल्ट आणि नट.

दोरे दोन प्रकारचे घ्या. एक साधा सुती आणि दुसरा ओव्हरलॉक मशीनवर लागतो तो फुगीर दोरा, जो सुरुवातीला सहज लांबतो आणि मग ताठ होतो. हा दुसरा दोरा आपल्या कामाचा हिरो आहे. शरीरातलं कोलॅजन असंच नागमोडी असतं. आधी लाटा सरळ होतात, मग जोर लागतो. नायलॉनची मासेमारीची दोरी टाळा. ती गुळगुळीत असल्याने सिलिकॉनमधून सरकते, आणि जो आकडा येतो तो तिच्या सरकण्याचा असतो.

एक किलोचं वजन, पाच किलोचा डिजिटल काटा, फिजिक्सच्या लॅबमधला अडीच न्यूटनचा स्प्रिंग काटा, आणि उभारणीसाठी स्लॉटेड अँगलचे तुकडे. काचेची उपकरणं धरायचा केमिस्ट्रीचा स्टँड चालणार नाही. का ते पुढे येईल.

कांडी ओतणं

सिरिंजचं नाक करवतीने कापून नळी सरळ करा. दट्ट्याच्या रबराला मधोमध भोक पाडून त्यातून बोल्ट वर काढा आणि बोल्टवर चकती कसा. हा झाला साच्याचा तळ. सिलिकॉनचे दोन भाग वजनाने मोजा, अंदाजाने नको. डब्यावरचं प्रमाण पाळा. सावकाश कालवा, मग उंचावरून सुतासारख्या बारीक धारेने ओता. बुडबुडे धारेतच फुटतात. बाहेरून टिचक्या मारा. वरच्या टोकाला दुसरी चकती-बोल्ट बसवा.

प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन असेल तर लॅटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यातल्या गंधकामुळे पृष्ठभाग चिकटच राहतो. कथिलावर घट्ट होणाऱ्या प्रकाराची अडचण वेगळी आहे. त्याला हवेतली वाफ लागते, त्यामुळे मुंबईच्या जुलैमध्ये ते डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आधीच आवळायला लागतं. पावसाळ्यात थोडं-थोडंच कालवा.

साधी, बिनधाग्याची कांडी थेट २० मिलीच्या साच्यात ओता. धाग्याच्या कांड्यांसाठी आधी १० मिलीच्या साच्यात बारीक गाभा ओता, त्यावर दोरा गुंडाळा, मग तो २० मिलीच्या साच्यात मधोमध उभा करून भोवती दुसरा थर ओता. दुसरा थर शक्यतो दुसऱ्याच दिवशी ओता. गाभ्याला साचा सुटायचं तेल लावू नका. सिरिंजच्या आत आधीच थोडं सिलिकॉन तेल असतं, तेही गाभ्यावरून स्पिरिटने पुसून घ्या.

कांडी निघाली की व्यास व्हर्नियरने चार जागी मोजा. सिरिंजची मापं कंपनीगणिक बदलतात आणि चौथा घात माफ करत नाही. व्यासात २० च्या जागी २१ मिमी झाले, तर टॉर्क २१ टक्क्यांहून जास्त वाढतो. विद्यार्थी मॉड्यूलस चुकलं म्हणून सिलिकॉन बदलायला निघतात, तेव्हा मी आधी व्हर्नियर हातात देते.

दोरा गुंडाळणं

हा भाग घाईने करायचा नाही. गाभ्याची त्रिज्या ७.५ मिमी असेल तर परीघ ४७ मिमी. ४५ अंशाच्या मळसूत्रात दोरा ४७ मिमी वर चढताना बरोबर एक वेढा पूर्ण करतो. कागदावर ४७ मिमी रुंद आणि ५० मिमी उंच चौकट काढा, तीत ४५ अंशाच्या आठ समांतर तिरक्या रेषा आखा, कागद गाभ्याभोवती गुंडाळा आणि रेषांवरून सुईने टोचून बॉलपेनने ठिपके उमटवा. कागद काढा आणि ठिपक्यांवरून दोरा न्या. प्रत्येक दोऱ्याची दोन्ही टोकं चकत्यांच्या भोकांत ओवून गाठ मारा. टोकं नुसती सिलिकॉनमध्ये सोडलीत तर धागा पहिल्या पिळालाच निसटतो आणि पुढची सगळी मोजणी निरर्थक ठरते.

दोरा ताणून बसवू नका, नुसता टेकवा. सगळ्या दोऱ्यांना सारखा सैलपणा हवा. मी प्रत्येक दोऱ्याला एक छोटं कपड्याचं क्लिप टांगते, त्याच्या वजनाने जेवढा ताण येतो तेवढाच.

चार प्रकारच्या कांड्या करा: साधी, उभ्या आठ धाग्यांची (एक सुती दोऱ्याची, एक फुगीर दोऱ्याची), झेड हाताच्या आठ धाग्यांची, आणि चार झेड, चार एस अशी दुहेरी. दुहेरीत एकाआड एक दोरा वरखाली विणायची गरज नाही, एकावर एक चालतात.

उभारणी

काटा टेबलावर. त्यावर एक किलोचं वजन घट्ट बसवलेली पाटी. पाटीच्या मधोमध कांडीचा खालचा बोल्ट. वरचा बोल्ट अँगलच्या चौकटीतल्या आडव्या पट्टीत, फिरवता येईल आणि नटाने आवळून धरता येईल असा, सोबत ३६० अंश छापलेली कागदी चकती. किलोचं वजन यासाठी, की कांडी ओढायला लागली तर पाटी उचलली न जाता फक्त आकडा कमी व्हावा.

काट्याचं टेअर बटण, म्हणजे आकडा शून्यावर आणणारं, दाबू नका. बरेच घरगुती काटे शून्याजवळचा हळू बदल स्वतःच गिळून शून्य दाखवत राहतात. १००० च्या आसपासचा आकडा तसाच राहू द्या आणि वजाबाकी वहीत करा.

आता पाटी फिरू नये ही व्यवस्था. खिळ्यांना अडकवलीत तर घासण्याचं बळ थेट काट्यावर येतं. मी पहिल्या वर्षी हेच केलं आणि पिळाच्या दोन्ही दिशांना वेगवेगळी, पटेल अशी, पण चुकीची उत्तरं मिळवली. त्याऐवजी पाटीला समोरासमोर दोन दांड्या लावा, केंद्रापासून प्रत्येकी ५० मिमी. प्रत्येक दांडीच्या टोकाला एक फूटभर लांब आडवा दोरा बांधा, दोन्ही दोरे समांतर पण विरुद्ध दिशांना. एक दोरा चौकटीला, दुसरा स्प्रिंग काट्याला. लांब आडवा दोरा वर-खाली जवळजवळ काहीच जोर लावत नाही. टॉर्क म्हणजे स्प्रिंग काट्यावरचं बळ गुणिले ०.१ मीटर. साध्या कांडीला ९० अंशाला तो काटा ७० ग्रॅमच्या आसपास दाखवेल. स्प्रिंग लांबते तशी पाटीही थोडी फिरते, म्हणून खालीही एक कोनमापक लावा आणि वरच्या कोनातून खालचा वजा करा.

चौकट ताठ का हवी, ते आता. ही कांडी १ मिमी दाबायला साधारण २.६ न्यूटन लागतात. म्हणजे चौकट ०.१ मिमी जरी ढळली तरी २६ ग्रॅमचा घोटाळा. आमची लॅब रेल्वे रुळांना लागून आहे. फास्ट लोकल गेली की आकडा दोन-तीन ग्रॅम नाचतो, तेवढं सोडून द्यायचं.

मोजणी

पहिले पाच पीळ फुकट घालवा: दोन्ही बाजूंना जेवढं जायचंय तेवढं जाऊन परत या. नवं रबर पहिल्या काही फेऱ्यांत मऊ होतं आणि मग स्थिरावतं. ऊतींनाही ही तयारी लागतेच. मग साध्या कांडीला १५-१५ अंशांच्या पायऱ्यांनी ९० पर्यंत, धाग्यांच्या कांड्यांना ५-५ अंशांनी ३० पर्यंत, उभ्या धाग्यांच्या कांडीला मात्र पूर्ण ९० पर्यंत. प्रत्येक पायरीवर एक मिनिट थांबून दोन्ही काटे वाचा. मग उलट्या हाताने तेच.

दिशा अशी ठरवा. समोरून दिसणारा धागा खालच्या डाव्या बाजूकडून वरच्या उजवीकडे जात असेल तर तो झेड. वरचं टोक, वरून पाहताना, घड्याळाच्या उलट फिरवलं की हा धागा ताणला जातो.

साध्या कांडीचा आलेख आधी काढा: आडव्या अक्षावर पीळदराचा वर्ग, उभ्या अक्षावर ढकलणारं बळ. सरळ रेष यायला हवी आणि दोन्ही हातांचे बिंदू एकाच रेषेवर पडायला हवेत. नाही पडले तर कांडी तिरकी उभी आहे. ते दुरुस्त होईपर्यंत धाग्यांच्या कांड्यांना हात लावू नका.

धाग्यांच्या कांड्यांसाठी एक युक्ती आहे, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. एकाच कोनाला उजव्या आणि डाव्या पिळाचे आकडे घ्या. त्यांची बेरीज अर्धी करा, वजाबाकी अर्धी करा. अर्धी बेरीज म्हणजे हात बदलला तरी न बदलणारा भाग: रबराचं ढकलणं आणि उभ्या धाग्यांचं ओढणं यात येतं. अर्धी वजाबाकी म्हणजे धाग्यांच्या एकहाती मांडणीची सही. साध्या, उभ्या आणि दुहेरी कांडीत ती शून्य यायला हवी. दुहेरी कांडीत जे काही उरेल ते तुमच्या गुंडाळण्यातलं डावं-उजवं आहे. झेड कांडीत मात्र ती मोठी येईल: एका हाताला काटा १००० च्या बराच खाली, दुसऱ्या हाताला थोडा वर.

फुगीर दोऱ्याच्या उभ्या कांडीवर जास्त वेळ द्या. आधी काटा चढतो, कारण दोरा अजून ढिला आहे आणि रबर एकटंच बोलतंय. मग दोऱ्याच्या लाटा सरळ होतात, चढ थांबतो, आणि आकडा उतरायला लागतो. तो वळणबिंदू कुठे येतो हे दोरा किती सैल बसवला होता यावर ठरतं. सुती दोऱ्याच्या कांडीत हे वळण दिसत नाही, ती पहिल्यापासून ओढते.

शरीराकडे

दुहेरी कांडी म्हणजे मणक्यांमधल्या चकतीची बाहेरची वलयं. त्यांतले थर एकाआड एक उलट्या दिशेने, आडव्या पातळीशी साधारण ३० अंशात असतात. कंबर वळवली की अर्धे थर ताणले जातात, अर्धे सैल पडतात. वजन उचलून वळू नका असं डॉक्टर का सांगतात, त्यातलं एक कारण हेच.

हृदयाची मांडणी जास्त गमतीची. डाव्या जवनिकेच्या भिंतीत आतून बाहेर जाताना धाग्यांचा कोन साधारण अधिक ६० अंशांपासून उणे ६० अंशांपर्यंत सलग बदलत जातो. आतले धागे एका हाताला पिळतात, बाहेरचे दुसऱ्या हाताला, आणि बाहेरच्यांची त्रिज्या मोठी असल्याने सरशी त्यांची होते. १६६९ मध्ये रिचर्ड लोअर यांनी हृदयाच्या आकुंचनाची तुलना पाणी काढायला कापड पिळण्याशी केली होती. महालक्ष्मीच्या धोबीघाटावरच्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

सगळ्या ऊती ओढतातच असं नाही. कोलॅजन, फायब्रिन, ॲक्टिन यांच्या जाळीदार जेली शिअर दिल्यावर आत ओढतात, हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. डुकराच्या मेंदूच्या ठोकळ्यांवर २०१९ मध्ये छापून आलेल्या प्रयोगांत मात्र पिळलेला मेंदू बाहेर ढकलताना दिसला, साध्या कांडीसारखा.

घरी करून बघायचं तर मटणवाल्याकडून बकऱ्याचे पाय आणा आणि त्यातली जाड कंडरा वेगळी काढा. ती जवळपास उभ्या धाग्यांची कांडीच असते. कॉलेजच्या नावाने करणार असाल तर आधी तिथल्या समितीला विचारा. टोकं पॉलिशपेपरमध्ये धरून फेव्हिक्विकने चिकटवा, नाहीतर पकडीतून सुळकन निघते. केमिस्टकडच्या सलाइनने सतत ओली ठेवा. पंख्याखाली पाच मिनिटांत ती सुकून ताठ होते आणि तुम्ही वेगळाच पदार्थ मोजत बसता. टॉर्क मोजायच्या भानगडीत पडू नका. त्रिज्या ३ मिमी असेल तर चौथ्या घाताने आपल्या कांडीच्या सव्वाशेव्या हिश्शावर जाता, स्प्रिंग काटा हलणारही नाही. फक्त खालचा काटा वाचा, पायऱ्या छोट्या घ्या, आणि सुरुवातीला कंडरा किंचित सैल आहे की ताठ, ते आधी लिहून ठेवा. उरलेली कंडरा रश्शात टाकू नका, तिला गोंद लागलेला असतो.